बांध आणि ओहोळ यांच्यामधली जमीन

भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीला येणारा माणूस बहुधा गरम पाण्यासाठी येतो. तानसा नदीच्या काठावर आणि काही ठिकाणी थेट पात्रात, खडकाच्या भेगांतून वर येणारे हे पाणी म्हणजे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी या साऱ्या पट्ट्याची ओळख. कुंडांतली ऊब आणि क्षार खोल खडकातून येतात. काठावर भात पिकले काय किंवा रान वाढले काय, त्यांत फारसा फरक पडत नाही. शेजारून वाहणाऱ्या नदीचे तसे नाही. तिचे पाणी वरवरच्या मातीतून, खाचरांतून, ओहोळांतून येते आणि वाटेत भेटेल ते बरोबर आणते. वरच्या अंगाला, शहापूर तालुक्यात, याच नदीवर 1892 साली तानसा धरण पुरे झाले आणि तेव्हापासून ते मुंबईला पाणी देते. त्या तलावाभोवतीचे जंगल राखले गेले. आज ते तानसा अभयारण्याचा भाग आहे. धरणाच्या खाली आल्यावर मात्र नदीला असे कवच उरत नाही. पावसाळ्यात धरण भरून सांडू लागेपर्यंत अकलोलीपाशी जे पाणी दिसते ते मुख्यतः धरणाखालच्या लहान-मोठ्या ओहोळांचे असते, आणि त्या ओहोळांच्या दोन्ही अंगांना शेती आहे.

या ओहोळांचे पाणी चांगले राहील की बिघडेल, हे शेतात किती खत पडले एवढ्यावरच ठरत नाही. शेताचा शेवटचा बांध आणि ओहोळाचे पात्र यांच्यामध्ये जी थोडीशी जमीन असते, तिच्यावर काय उगवलेले आहे यावर ते फार मोठ्या प्रमाणात ठरते. ही जमीन कुणाच्या लेखी नसते. सातबाऱ्यावर ती अनेकदा पोटखराब्यात जाते, गुरे तिच्यावरून उतरतात, सरपणासाठी ती तोडली जाते, आणि खाचर चार हात वाढवायचे झाले की पहिला बळी तिचाच जातो. अशा दुर्लक्षित पट्ट्याला मी इतके महत्त्व का देतो आहे, हे समजण्यासाठी शेतातून नेमके काय वाहून जाते आणि कोणत्या वाटेने जाते, हे आधी पाहावे लागेल.

खताच्या गोणीवरची नत्र आणि स्फुरद ही दोन नावे शेतकऱ्याला पाठ असतात, पण शेताबाहेर पडताना त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. स्फुरद मातीच्या कणाला घट्ट चिकटतो, विशेषतः कोकणातल्या लोहयुक्त तांबड्या मातीला. म्हणून तो जातो तो मातीबरोबर, जमिनीच्या पृष्ठभागावरून, गढूळ पाण्यातून. नत्राचे नायट्रेट झाले की ते पाण्यात पूर्ण विरघळते, मातीला चिकटत नाही, आणि जमिनीत मुरणाऱ्या पाण्याबरोबर खाली उतरून आडवे सरकत ओहोळाला किंवा विहिरीला मिळते. गढूळपणा डोळ्यांना दिसतो. नायट्रेट दिसत नाही, त्याला वास नाही, चवही जाणवत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, कारण त्याहून जास्त झाले तर तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. ओहोळाच्या कोरड्या पात्रात झिरा खणून किंवा काठच्या विहिरीतून पाणी भरणाऱ्या पाड्यांच्या दृष्टीने हा आकडा महत्त्वाचा आहे. पाणी नितळ आहे म्हणून ते स्वच्छ आहे असे मानता येत नाही. प्रवाह मंदावला की हीच दोन पोषणद्रव्ये शेवाळ आणि जलपर्णी पोसतात. उल्हास नदीवर उन्हाळ्यात पसरणारा जलपर्णीचा हिरवा गालिचा ठाणे जिल्ह्याने पाहिलेला आहे; तिथे सांडपाण्याचा वाटा मोठा आहे, पण जलपर्णीला नत्र सांडपाण्यातून आले की शेतातून, याने फरक पडत नाही.

भातशेतीची गोष्ट इतर शेतीपेक्षा निराळी आहे, आणि परदेशी अभ्यास जसेच्या तसे इकडे लावताना हे विसरले जाते. भाताचे खाचर म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेले उथळ तळे. उतारावरून येणारा गाळ त्यात बसतो. शिवाय साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू नसतो, त्यामुळे तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपाने हवेत सोडतात. म्हणजे चांगल्या बांधाचे खाचर स्वतःच पाणी गाळते. मग अडचण कुठे येते? ती वर्षातल्या मोजक्या दिवसांत येते. पहिला काळ चिखलणीचा. रोप लावण्याआधी नांगर किंवा पॉवर टिलर फिरवून माती पाण्यात पार कालवली जाते आणि लावणी सोपी व्हावी म्हणून जादा पाणी लगेच बांध फोडून सोडले जाते. त्या पाण्यात चिकणमातीचे जे सूक्ष्म कण तरंगत असतात, त्यांतला दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा कण स्थिर पाण्यात अवघे दहा सेंटिमीटर खाली बसायला सुमारे आठ तास घेतो. स्फुरद मुख्यतः याच कणांवर असतो. चिखलणीनंतर पाणी एक दिवस न सोडता तसेच ठेवले, तर बराचसा गाळ खाचरातच राहतो. तासाभरात सोडले, तर शेताची सर्वांत सुपीक माती नदीला जाते. दुसरा काळ युरिया फेकल्यानंतरच्या चार-पाच दिवसांचा. उभ्या पाण्यात फेकलेला युरिया विरघळतो, त्याचा अमोनिया होतो, आणि तो मातीत शिरण्याआधी जोराची सर आली की बांधावरून वाहून जातो. साचपाण्यातल्या भाताला फेकून दिलेल्या नत्रातले साधारण 30 ते 40 टक्केच पिकाच्या कामी येते. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या भागात उरलेल्याचा काही वाटा हवेत आणि काही वाटा ओहोळात जाणार, हे उघड आहे.

भात कापल्यावर चित्र बदलते. ओलीवर वाल, हरभरा येतो, आणि जिथे पंप लावता येतो तिथे ओहोळाच्या अगदी कडेला भेंडी, काकडी, वांगी. या भाजीपाल्याला भातापेक्षा जास्त खत आणि जास्त फवारणी लागते, आणि ती नेमकी अशा वेळी होते जेव्हा ओहोळात पाणी कमी असते. पावसाळ्यात तेवढेच खत आले तर ते पुराच्या पाण्यात विरळ होते. फेब्रुवारीत ते डबक्यात मुरते.

आता त्या मधल्या पट्ट्याकडे येऊ. तिथे गवत, झुडपे आणि झाडे असतील तर तीन वेगवेगळी कामे होतात. गवताच्या दाट खोडक्यांमुळे वाहत्या पाण्याचा वेग तुटतो आणि जाड गाळ पहिल्या काही मीटरांतच बसतो. झाडांची मुळे जमिनीखालून सरकणाऱ्या पाण्यातले नायट्रेट शोषतात. आणि ओहोळाकाठच्या सदा ओल्या जमिनीत, जिथे प्राणवायू कमी आणि पालापाचोळा भरपूर, तिथे खाचरातल्यासारखेच जिवाणू उरलेले नायट्रेट हवेत घालवतात. या शेवटच्या कामाला पालापाचोळ्यातला कार्बन लागतो. म्हणून उघडी, सपाट केलेली ओली जमीन हे काम नीट करत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये पीटरजॉन आणि कॉरेल या संशोधकांनी मक्याच्या शेताखालच्या नदीकाठच्या रानाचा हिशेब मांडला आणि 1984 साली प्रसिद्ध केला. त्या रानात आलेल्या नत्रापैकी 89 टक्के आणि स्फुरदापैकी 80 टक्के तिथेच अडकले. शेताने स्वतः मात्र आपल्याकडे आलेल्या नत्रापैकी फक्त 8 टक्के धरून ठेवले होते. याची उलट बाजू त्याआधीच, न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलात दिसली होती. 1965-66च्या हिवाळ्यात तिथल्या एका छोट्या पाणलोटातली सगळी झाडे पाडली गेली आणि तणनाशक मारून नवी वाढ रोखली गेली. त्यानंतरच्या पहिल्या वर्षी ओढ्यातले नायट्रेट सुमारे 41 पट आणि दुसऱ्या वर्षी 56 पट झाले. तिथे खताचा एक दाणाही टाकलेला नव्हता. जमिनीत आधीपासून असलेले नत्र धरून ठेवणारी मुळे गेली, एवढेच घडले होते. नदी बिघडवायला खत लागतेच असे नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा पुरावा आहे.

झाडांचे आणखी एक काम गाळण्याइतकेच मोलाचे आहे, ते सावलीचे. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; 30 अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. मार्च-एप्रिलमध्ये उघड्या ओहोळात पाणी तापते, प्राणवायू घटतो, त्यातच ऊन आणि नत्र दोन्ही मिळाल्याने शेवाळ माजते, आणि ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाते. उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन, ताम्हण यांच्या सावलीत हे चक्र सुरूच होत नाही. या झाडांची गळलेली पाने पाण्यातल्या किड्यांचे अन्न असतात, आणि ते किडे माशांचे. पहिल्या पावसात प्रवाहाच्या उलट चढून खाचरांपर्यंत येणाऱ्या वलगणीच्या माशांना जागा लागते ती अशाच ओहोळांची. काठावर निरगुडी आणि बांबू असला तर मुळांच्या जाळ्याने कड धरून ठेवली जाते. नसला तर प्रत्येक पुरात काठ ढासळतो आणि शेतकऱ्याचीच जमीन वाहून जाते. राबासाठी ऐन आणि इतर झाडे छाटण्याची जुनी रीत या भागात आहे. राबाने रोपवाटिकेला राख मिळते, पण छाटणी ओहोळाकाठच्या झाडांवर आली की दरवर्षी सावली जाते आणि पालापाचोळाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नदीकाठी वृक्षारोपण म्हटले की मोठ्या नदीचा रुंद काठ, फलक आणि रांगेत लावलेली रोपे डोळ्यांसमोर येतात. कोणत्याही नदीच्या जाळ्यात सर्वाधिक लांबी अगदी लहान ओहोळांची असते, आणि शेतातले पाणी आधी त्यांनाच मिळते. तानसेपर्यंत पोहोचलेले नायट्रेट तानसेच्या काठचे झाड पुन्हा बाहेर काढू शकत नाही, कारण ते पाणी आता मुळांखालून नव्हे, पात्रातून चालले आहे. म्हणून एक मीटर रुंदीच्या, उन्हाळ्यात आटणाऱ्या ओहोळाच्या काठची झुडपे नदीकाठच्या देखण्या बागेपेक्षा जास्त उपयोगाची. दुसरी अट सलगपणाची. पट्टा कितीही रुंद असला आणि त्यातून एखादा चर काढून शेताचे पाणी थेट पात्रात सोडले, तर तो पट्टा पाण्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा. गुरांना पाण्यावर उतरण्यासाठी केलेली उघडी वाट, गोठ्याचे किंवा तबेल्याचे शेण धुऊन नेणारी नाली, पंपासाठी खणलेली खाच, या लहान गोष्टी सगळे काम फुकट घालवतात. काठची माती खणून नेणाऱ्या वीटभट्ट्या, भराव टाकून उभी राहणारी गोदामे आणि काठाला बांधलेल्या सिमेंटच्या भिंती यांचे नुकसान तर याहून मोठे. राज्यात 2014च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले तेव्हा नाला खोलीकरण आणि रुंदीकरणावर भर होता. पाणी अडवण्याचा हेतू चांगला होता, पण जेसीबीने सरळ केलेल्या नाल्याच्या दोन्ही काठांवरचे जुने रान एका दिवसात जाते, आणि ते परत यायला पंधरा-वीस वर्षे लागतात.

याविरुद्ध बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके घेण्यासारखे नाही. पहिला आक्षेप असा की भिवंडी परिसरात नद्यांचा खरा शत्रू सांडपाणी आणि रंगाई-धुलाईचे कारखाने आहेत. कामवारी नदीची अवस्था पाहिली की भाताच्या युरियाची चर्चा फिजूल वाटते. शहराजवळच्या नदीबद्दल हे खरे आहे आणि तिथे सांडपाणी थांबवल्याशिवाय कोणतेही झाड काही करू शकणार नाही. पण अकलोलीच्या वरच्या ओहोळांवर कारखाने नाहीत. तिथे जे बिघडते ते शेती, गुरे आणि वस्ती यांच्यामुळे, आणि जे सुधारायचे ते तिथेच सुधारता येते. दुसरा आक्षेप जास्त शास्त्रीय आहे. मेरीलँडच्या सपाट, संथ जमिनीवरचे आकडे कोकणच्या मुसळधार पावसाला आणि उथळ, भेगाळ बेसॉल्टला लागू पडतील का? जसेच्या तसे नाहीत, हे मान्य करायला हवे. आषाढातल्या मोठ्या सरीत पाणी पट्ट्यावरून धावते, मुळांशी थांबत नाही. मुरमाच्या भेगांतून गेलेले पाणी मुळांच्या खालून निसटते. आणि चिकणमातीचा सूक्ष्म कण पाच मीटर गवतात अडकत नाही. पण याचा अर्थ पट्टा निरुपयोगी असा होत नाही. त्याचा अर्थ असा की कोकणात पट्ट्यावर एकट्यावर भिस्त ठेवता येणार नाही, खाचरातले पाणी आणि खत आधी खाचरातच सांभाळावे लागेल. आणि पाऊस ओसरल्यावर, श्रावण-भाद्रपदापासून पुढे, जेव्हा ओहोळ जमिनीखालच्या झिरप्यावर चालतो, तेव्हा हाच पट्टा पूर्ण क्षमतेने काम करतो. शिवाय इथल्या उष्ण जमिनीत जिवाणूंचे काम थंड देशांपेक्षा वेगाने चालते.

झाडे पाणी पितात, मग उन्हाळ्यात ओहोळ लवकर आटेल, हे तिसरे म्हणणे. यातही तथ्य आहे. हबर्ड ब्रुकमध्ये झाडे पाडल्यावर ओढ्याचे पाणी वाढले होते, हे लपवण्याचे कारण नाही. पण वाढलेले ते पाणी नायट्रेटने भरलेले होते, आणि तिथे संपूर्ण पाणलोट उघडा केला होता. काठचा अरुंद पट्टा एकूण पाणलोटाचा लहानसा भाग असतो, आणि उघड्या पात्रातून उन्हाने उडणारे पाणी सावलीमुळे वाचते. काठावर नीलगिरीसारखी पाणी ओढणारी झाडे न लावता इथलीच झाडे राखणे, एवढी काळजी पुरेशी आहे. राहिला जमिनीचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत खरा वाटतो. समजा, वीस गुंठ्यांचे खाचर आहे आणि त्याची चाळीस मीटरची एक बाजू ओहोळाला लागून आहे. तिथे पाच मीटरचा पट्टा सोडायचा म्हणजे दोन गुंठे गेले, दहावा हिस्सा. एवढ्या लहान खातेदाराला नदीच्या नावाने दहावा हिस्सा सोडायला सांगणे अन्याय आहे, जर त्या बदल्यात त्याला काहीच मिळणार नसेल.

त्याला मिळू शकते, आणि त्यासाठी नवे शोध लावायची गरज नाही. डॉ. ना. कृ. सावंत यांनी कोकणातल्या भातासाठी मांडलेली चारसूत्री पद्धत याच प्रश्नाचे उत्तर आहे, जरी ती उत्पन्नवाढीसाठी सांगितली गेली. भाताच्या तुसाची राख आणि पेंढा पुन्हा जमिनीत घालणे, बांधावर वाढवलेल्या गिरीपुष्पाचा पाला चिखलणीत गाडणे, ठरावीक अंतरावर चौकोनात लावणी, आणि प्रत्येक चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची एक ब्रिकेट सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबणे, अशी ही चार सूत्रे. पावणेतीन ग्रॅमची ती गोळी चिखलाच्या प्राणवायू नसलेल्या थरात हळूहळू विरघळते, तिथला अमोनियम मातीला धरून राहतो आणि वरच्या पाण्यात जवळजवळ येतच नाही. मग सर आली आणि बांधावरून पाणी गेले, तरी खत जाग्यावर राहते. खतही कमी लागते. गोळ्या हाताने दाबायला वाकून मजुरी करावी लागते, आणि मजूर महाग आहेत, म्हणून ही पद्धत सगळीकडे पसरली नाही. रोजगार हमी किंवा कृषी विभागाची मदत लावायचीच तर ती इथे लावावी. काठच्या पट्ट्यात करंज, जांभूळ, बांबू, कडेला गिरीपुष्प असे उत्पन्न देणारे लावले, तर ते दोन गुंठे पूर्ण बुडीत जात नाहीत. गिरीपुष्पाचा पाला मिळाला की ओहोळाकाठचा ऐन राबासाठी छाटण्याची गरजही कमी होते.

उरलेली भरपाई कोणी द्यायची, याचे एक उदाहरण जगात आहे. न्यूयॉर्क शहराचे बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर या डोंगराळ पाणलोटांतून येते, आणि ते मोठ्या गाळणी प्रकल्पाशिवाय पुरवले जाते. 1990च्या दशकात शहरापुढे प्रश्न आला की अवाढव्य खर्चाचा गाळणी प्रकल्प बांधायचा की पाणलोट सांभाळायचा. 1997च्या करारात त्यांनी पाणलोट निवडला, आणि तिथल्या शेतकऱ्यांना ओढ्याकाठी झाडे राखण्यासाठी, गुरे पात्राबाहेर ठेवण्यासाठी शहराच्या पैशातून मदत दिली. मुंबईचे बहुतेक पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या तलावांतून येते. त्या तलावांच्या वर आणि खाली राहणाऱ्या गावांनी ओहोळ सांभाळावेत असे वाटत असेल, तर मुंबईच्या पाणीपट्टीतला छोटासा वाटा त्या काठांपर्यंत पोहोचायला हवा. याला दान म्हणता येणार नाही; मिळालेल्या सेवेचा तो मोबदला आहे.

तोवर जे गावाच्या हातात आहे ते गावाने करावे. ग्रामसभेत आपल्या शिवारातल्या ओहोळांची यादी करावी, अगदी उन्हाळ्यात कोरडे पडणारेही त्यात घ्यावेत. चिखलणीचे पाणी किमान एक दिवस आणि युरिया टाकल्यावर निदान आठवडाभर, पावसाने मुभा दिली तर, खाचरातच राखावे. नवी रोपे लावायची असतील तर ती जूनच्या अखेरीस, दोन पाऊस होऊन जमीन भिजल्यावर लावावीत. आणि जिथे निरगुडी, करंज, उंबर अजून उभे आहेत, तिथे नवे काहीही लावू नये. फक्त कोयता आणि जेसीबी तेवढा तिथपर्यंत जाऊ देऊ नये.